गाणाऱ्याने पोलिस का होऊ नये?

आपल्या देशात माणसाला एकच काम येतं, असं सरकारपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. लग्न जमवताना "मुलगा काय करतो?" असं विचारतात; "काय काय करतो?" असं कुणी विचारत नाही. दुसरा 'काय' लावला की प्रश्न पोटापाण्याचा न राहता चारित्र्याचा होतो. मी बँकेत कारकून आहे आणि फावल्या वेळात विनोदी लिहितो, हे कळल्यावर खातेदार आधी पासबुकातली शिल्लक पुन्हा एकदा तपासून बघतो. उलट साहित्यिक मंडळींना मी बँकेत आहे हे कळलं, की ती माझ्या लेखाबद्दल एक अक्षर न काढता गृहकर्जाचा दर विचारतात. म्हणजे बँकेत मी लेखक म्हणून संशयित आणि साहित्यात कारकून म्हणून उपयोगी!

पण माझं सोडा. माझ्या लिहिण्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही, आणि बँकेच्या ताळेबंदात विनोद माझ्याआधीपासून आहेत. हा 'एका माणसाला एकच काम' नियम सगळ्यांत निर्दयपणे लावला जातो तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. गवई पडद्यावर गवई म्हणून आला तर चालतो. हातात तानपुरा असला तर माना डोलतात. पण तोच माणूस तानपुरा खाली ठेवून खाकी कपड्यात आला, कुणाचा बाप झाला, दरोडेखोर झाला, की लोकांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

आमच्या कोहमाऱ्याला या विषयावर नुकतीच मोठी चर्चा झाली. कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातलं चौफुलीचं गाव. एका अंगाला साकोली, दुसऱ्या अंगाला देवरी, वर गोंदिया आणि खाली नवेगाव बांध. मुंबईहून कोलकात्याला जाणारा ट्रक आमच्या नाकासमोरून जातो. या महामार्गाचा नंबर आधी सहा होता, आता त्रेपन्न आहे. ट्रक तेच, खड्डे तेच, चहा तोच. पण रस्त्यालाही आयुष्यात दोन भूमिका मिळाल्या आणि त्याबद्दल एकाही ड्रायव्हरने कुरकुर केली नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आमची चौफुली इतकी उदार नाही.

झालं असं, की टपरीवरच्या टीव्हीत 'हम से है मुकाबला' लागला होता. मूळ तमिळ 'कादलन', १९९४ चा. त्यात प्रभुदेवाचा बाप आहे एक साधा पोलिस शिपाई, आणि ते काम केलंय एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी. ज्यांनी हजारोंनी गाणी गायली तो माणूस इथे डोक्यावर टोपी घालून पोराची काळजी करतोय. टपरीवाल्याने किटली हातात धरूनच विचारलं, "हा तं गानारा मानूस हाये ना जी? ह्याले पोलिस कोनं केलं?" आमचे कॅशियर म्हणाले, "पैसा, दुसरं काय!" निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसत निकाल दिला, "सरस्वतीचा अपमान आहे हा. ज्याचा गळा, त्याने गळाच चालवावा."

मी दुसऱ्या बाजूचा. चहा थंड करून मी दुसरी बाजू लढवली आणि आता शाई खर्च करून लढवतो आहे. विरुद्ध पक्षाचे मुद्दे तीन. एक, यात कलेचा अपमान होतो. दोन, या लोकांना अभिनय येत नाही. तीन, हे लोक खऱ्या नटांच्या पोटावर पाय देतात. क्रमाने घेऊ. काउंटरवर मी टोकन नंबरानेच माणसं घेतो.

पहिला मुद्दा अपमानाचा. मराठी बोलपट सुरू झाला तो १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'पासून. त्यातला राजा हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. म्हणजे ज्यांच्या पेटीवर सारा महाराष्ट्र लट्टू होता ते. संगीतही त्यांचंच. आता ते हरिश्चंद्र होऊन गायलेसुद्धा, हे खरं. पण राज्य सोडणं, बायको विकणं आणि स्मशानात राखण करणं ही काही पेटीवादकाची नेहमीची कामं नव्हेत. म्हणजे आमच्या बोलपटाचा नारळच एका पेटीवाल्याने फोडला आहे, आणि आम्ही आज विचारतो, पेटीवाल्याचं इथे काय काम!

त्याहून गंमत पुढे आहे. संगीतकार वसंत देसाई प्रभातमध्ये पडेल ते काम करत शिरले आणि पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते 'खूनी खंजर'मध्ये, १९३० साली. हा मूकपट होता! पुढे ज्याने उभ्या महाराष्ट्राला सूर दिले, त्याने पडद्यावरची सुरुवात एक सूर न काढता केली. याहून शुद्ध 'बिगरसंगीत भूमिका' मला तरी सुचत नाही. सी. रामचंद्र नागपुरात गाणं शिकले आणि १९३५ च्या 'नागानंद'मध्ये चक्क नायक झाले. नायकपण टिकलं नाही, संगीतकारपण टिकलं. पण कुणी असं म्हटलं नाही, की नागानंदामुळे त्यांचा गंधार बिघडला. त्याच १९३५ मध्ये बालगंधर्व 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. उभं आयुष्य शालू नेसून गाजवलेल्या माणसाने दाढीमिशीच्या जगात येऊन बघितलं. प्रभातशी त्यांचा संसार त्या एका चित्रपटापुरताच झाला. पण बघितलं तरी! आमच्या शाखेत दुसऱ्या काउंटरवर बसायला सांगितलं तर लोक युनियनकडे जातात.

आणि पु. ल. देशपांडे? 'गुळाचा गणपती'त १९५३ साली लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका एकट्याने केली. गुरुजींना मी विचारलं, यात सरस्वतीचा अपमान किती वेळा झाला? गुरुजी म्हणाले, "पुलंची गोष्ट वेगळी." आपल्याकडे ज्याचा प्रतिवाद करता येत नाही, त्याची गोष्ट वेगळी असते.

अपमानाची भाषा करणाऱ्यांना मी आणखी एक नाव सांगतो, आणि इथे जरा आवाज खाली आणतो. २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ गेले. मागे पाच भावंडं. थोरली लता, तिला तेरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्याच वर्षी ती 'पहिली मंगळागौर'मध्ये पडद्यावर आली. मग 'गजाभाऊ', मग 'बडी माँ'. तोंडाला रंग लावणं, कॅमेऱ्यापुढे उभं राहणं हे आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. तरी केलं. कारण घरात खाणारी तोंडं होती आणि गाण्याचे पैसे अजून यायचे होते. आता त्या पोरीसमोर उभं राहून "ज्याचा गळा, त्याने गळाच चालवावा" हे वाक्य म्हणून दाखवा बघू. गुरुजी गप्प बसले. कॅशियरांनी बिस्किट चहात बुडवलं ते तिथेच तुटलं.

कलावंत पोटासाठी दुसरं काम करतो तेव्हा कलेचा अपमान तो करत नसतो. तो आधीच झालेला असतो, आणि करणारे आपण असतो. वसंतराव देशपांडे आमच्या विदर्भातले, मूर्तिजापूरचे. कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी आकडे लिहिले. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की हा सरस्वतीचा अपमान आहे. गवयाने खतावणी लिहिली तर चालते. ती पडद्यामागची नोकरी! त्याने पडद्यावर पोलिस व्हायचं म्हटलं, की मात्र आम्हाला संस्कृती आठवते. मी स्वतः खतावणी लिहितो, म्हणून सांगतो. अपमानाचा मुद्दा असेल तर तो खतावणीतच जास्त आहे.

आता दुसरा मुद्दा. "त्यांना अभिनय येत नाही." काहींना येत नाही, कबूल. सोनू निगम यांचा 'जानी दुश्मन' २००२ साली आला आणि ज्यांनी बघितला ते अजून एकमेकांना धीर देतात. हिमेश रेशमिया यांचा 'कर्ज' २००८ साली आला. ते कर्ज बुडीत खाती कसं टाकावं हे मला विचारा, माझा विषय आहे. पण म्हणून काय? खानदानी नटांचे चित्रपट पडत नाहीत? ज्यांचे आजोबा नट, बाप नट, काका नट, त्यांच्या चेहऱ्यावर तीन तासांत एक रेषा हललेली नाही असे कितीतरी चित्रपट मी तिकीट काढून बघितले आहेत. तेव्हा कुणी म्हणत नाही, की नटाच्या पोराने अभिनय करू नये. एक खातं बुडालं म्हणून बँक बंद करत नाहीत.

आणि ज्यांना येतो त्यांचं काय? तिकडे अमेरिकेत फ्रँक सिनात्रा. गाण्याचा धंदा बसलेला, गळ्याने दगा दिलेला. अशा वेळी नाममात्र पैशांवर त्याने 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' (१९५३) मध्ये एका साध्या शिपायाचं काम मागून घेतलं आणि त्यासाठी ऑस्कर नेलं. ते गाण्यासाठी नव्हे, अभिनयासाठी मिळालं. आपल्याकडे गोव्याच्या आशालता वाबगावकर. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'त त्यांनी अभिषेकींच्या चाली अशा गायल्या, की लोक आजही आठवण काढतात. पुढे हिंदी-मराठीत शंभरावर चित्रपट केले. आई, सासू, मावशी. त्या पडद्यावर आल्या, की घरातली कुणीतरी मोठी बाई आली असं वाटायचं. नाट्यसंगीताची गायिका आली असं नाही. याला अभिनय म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

आशा भोसले २०१३ च्या 'माई'मध्ये स्मृती हरवत चाललेली म्हातारी आई झाल्या. वय एकोणऐंशी! त्या वयात आमच्याकडचे लोक हयातीचा दाखला द्यायलासुद्धा नातवाला पाठवतात. केतकी माटेगावकर ही गाणारी मुलगी. 'शाळा' (२०१२) मध्ये तिने जी शिरोडकर केली, ती बघून चाळिशीतल्या गृहस्थांना आपापला नववीचा वर्ग आठवला आणि बायकोपासून ते लपवताना तारांबळ उडाली. आणि सोमनाथ अवघडे! सोलापूर जिल्ह्यातला पोरगा, हलगी वाजवत होता. नागराज मंजुळे यांनी त्याला वाजवताना पाहिलं आणि 'फँड्री'तला जब्या केलं. डुकरं धरणाऱ्या घरातला, शाळेत मान खाली घालणारा पोर. त्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याला कुणी अभिनय शिकवलेला नव्हता. पण ज्याला हलगीचा ठेका कळतो, त्याला नेमकं कधी थांबायचं हे कळतं. आणि अभिनयात निम्मं काम कधी थांबायचं हेच असतं. गवई समेवर येतो म्हणजे काय? सगळ्यांना वाट बघायला लावून वेळेवर पोचतो. हे साधतं असे नट किती आहेत, आणि असे बँक कर्मचारी किती, हे मी इथे लिहीत नाही.

आता मी उलटा प्रश्न विचारतो. गाणाऱ्याने नट होऊ नये, पण नटाने गवई व्हावं? ते तर आपण जन्मभर बघत आलो! 'बैजू बावरा' (१९५२) मधली ती जुगलबंदी आठवा. गायले कोण? उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर. पडद्यावर दोघांपैकी एक तरी दिसतो का? ओठ दुसऱ्यांचे हलले. 'गूंज उठी शहनाई' (१९५९) मध्ये फुंकर बिस्मिल्ला खाँसाहेबांची आणि शहनाई राजेंद्रकुमारच्या हातात. तेव्हा कुणी रडलं नाही, की सरस्वतीचा अपमान झाला.

आणि ही सोंगं तरी धड असतात का? नायक पेटी वाजवतो तेव्हा भाता मिटलेलाच असतो, तरी सूर निघतो. सतारीवर बोटं खालच्या सुराला जातात आणि आवाज वरच्या सप्तकातला येतो. तबला तर असा बडवतात, की त्यात डास अडकले असावेत. हे पाहून खऱ्या वाजवणाऱ्याच्या पोटात काय होत असेल? पण तो बिचारा तक्रार करत नाही. रेकॉर्डिंगचे पैसे घेऊन घरी जातो आणि पडद्यावर आपली बोटं दुसऱ्याच्या हाताला लावलेली बघतो. नटाने संगीताची इतकी वर्षं नक्कल केली, ती सहन झाली. मग गाणाऱ्याने एकदा हवालदाराची केली तर आभाळ कोसळतं?

सगळ्यांत मोठी गंमत किशोरकुमारची. 'रागिणी' (१९५८) मध्ये किशोरकुमार पडद्यावर गातो आणि आवाज आहे महंमद रफींचा! ज्याचा स्वतःचा गळा सोन्याचा, त्याने दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवले आणि कमीपणा मानला नाही. 'इथे मी नट आहे, गाणारा तिकडे उभा आहे,' इतका सरळ हिशेब होता त्याचा. डेबिट डेबिटच्या जागी, क्रेडिट क्रेडिटच्या जागी. असा स्वच्छ हिशेब मी बी. कॉम. होऊनसुद्धा कमी बघितला आहे.

राहिला तिसरा मुद्दा, पोटावर पाय. यात थोडं तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण पाय कुणाचा आहे ते बघा. टीव्हीवर कुणी गाण्याची स्पर्धा जिंकली, की चार निर्माते त्याच्या दारात उभे राहतात. त्यांना नट नको असतो, नाव पाहिजे असतं. त्याला पटकथा न देता तारखा विचारतात. शिवाय भूमिका डॉक्टरची असली तरी ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला एक गाणं म्हणायला लावतात. पेशंट भुलीत असतो म्हणून वाचतो, आपण वाचत नाही. असा चित्रपट पडला, की शिव्या खातो तो गाणारा. निर्माता पुढच्या स्पर्धेच्या विजेत्याकडे गेलेला असतो. माझं भांडण आहे ते या गिऱ्हाइकाशी. गाणाऱ्याला नट म्हणून घ्या, नटासारखी त्याची परीक्षा घ्या, नाही जमलं तर नटासारखा घरी पाठवा आणि जमलं तर नटाइतके पैसे द्या. त्याच्या नावाचा टिळा लावून फसवा माल खपवू नका. एवढंच म्हणणं आहे.

खरं तर आमच्या भागाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आमची झाडीपट्टी रंगभूमी बघा. दिवाळी झाली, धान कापून झालं, की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. शंकरपटाच्या दिवशी रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेच्या कोंबड्याला संपतं. दिवसा नांगर धरणारा रात्री राजा होतो, आणि सकाळी राजाच्या भुवया पुसता पुसता बैलांना पाणी दाखवतो. हे कुणाला विचित्र वाटत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या चौफुलीवर पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत कॅशियर होते, खाणाऱ्यांत गुरुजी.

अशाच एका मंडळीतले पेटीमास्तर आमच्या शाखेत येतात. रंगमंचापुढे बसून रात्रभर ऑर्गन वाजवायचा हे त्यांचं काम. एकदा खलनायक करणाऱ्याची गाडी वाटेत बंद पडली. लोक बसलेले, तिकिटं विकलेली. मास्तर ऑर्गनवरून उठले, कोट चढवला आणि पाटलाचं काम केलं. सगळी नक्कल पाठ! वर्षभर समोर बसून ऐकलेली. दोन बायांनी त्यांना शिव्या दिल्या. खलनायकाला याहून मोठी दाद नाही. तेव्हापासून ते दोन्ही कामं करतात. मी विचारलं, "मास्तर, कोणतं काम आवडते तुम्हाला?" ते म्हणाले, "पेटी वाजवतो तवा लोक दुसऱ्याकडे पाहातेत जी. पाटील झालो का माह्याकडे पाहातेत. मानसाले कधी तरी वाटते ना, आपल्याकडे पाहावं कोनी."

हे वाक्य ऐकल्यापासून मला विरुद्ध पक्षाचा एकही मुद्दा ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात मास्तर केवायसी करायला आले. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना एकच. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'पेटीवादक व नट'. संगणकात शोधलं तर त्यात नोकरी आहे, शेती आहे, व्यापार आहे, गृहिणी आहे, निवृत्त आहे. पेटीवादक नाही आणि नटही नाही. शेवटी एक पर्याय आहे, 'इतर'. साहेब म्हणाले, टाका इतर. गोविंदराव टेंबे आले असते तरी 'इतर', बालगंधर्व 'इतर', किशोरकुमार दोनदा 'इतर'.

मास्तरांनी पडद्याकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "इतर म्हंजे काय जी?"

मी म्हटलं, "इतर म्हणजे ज्याला एकापेक्षा जास्त येतं तो."

मास्तर खूश होऊन सही करून गेले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढचा टोकन नंबर पुकारला.